गुरुवारचे रातकिडे

कातोवित्सेत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
लिफ्टच्या ग्रीसचे हात पुसत
मी गुरुवारी व्हितोल्डच्या दुकानात शिरतो.
तो न विचारता डबा काढून ठेवतो,
मध्यम आकाराचे, चाळीस.
ट्राममध्ये माझा कोट आतून सरसरत राहतो.
शेजारची बाई जागा बदलते.

यागोदाच्या आईला घरात किडे नकोत,
म्हणून सरडा माझ्याकडे.
वाटणीच्या कागदांवर त्याचं नाव नव्हतं.
कपाटं होती, गाडी होती, दर दुसरा शनिवार होता.
चार मजले मी पिंजरा चढवला, तिनं दिवा,
आणि कोम्पोटला फांदीवर ठेवून
वहीच्या पानावर नियम लिहिले:

आधी त्यांना जेवू घाल, मग त्याला.
गाजर किसायचं नाही, चकत्या.
कॅल्शियमची पूड चिमूटभर. पिशवी हलव, पण हळू.
पाय मोडलेला असेल तो पहिला.
कुणालाही नाव ठेवायचं नाही.

शेवटचा मी कसोशीनं पाळला.
किड्यांना नाही ठेवलं,
तिच्या आईलाही नाही.

पूड लागली की रातकिडे
गिरणीत राबून आलेल्या माणसांसारखे दिसतात.
एकाला फांदीवर सोडतो.
तो मिशा साफ करतो. घाई नसते त्याला.
वर पानांत एक डोळा त्याच्याकडे वळतो,
दुसरा माझ्यावरच, हिशेब मागत असल्यासारखा.
मग तोही सावकाश वळतो,
दोन्ही एका जागी येतात
आणि तेवढ्यात सगळं होऊन गेलेलं असतं.
आवाज नंतर येतो.
कांद्याचं वाळकं साल चुरगळावं, तसा.

सुरुवातीला मी मान फिरवायचो.
बाबा, बघायला हवं, ती म्हणाली,
नाहीतर त्याचं मरण कुणी पाहिलंच नाही असं होतं.
नऊ वर्षांची होती तेव्हा.

आता व्हॉलीबॉल असतो, दात दुखतो,
कुणाचा तरी वाढदिवस असतो.
दुसरा शनिवार हल्ली तिसरा होतो,
कधी नुसताच फोनवरचा अंगठा.

कोम्पोटही थकला.
सहा वर्षं म्हणजे त्याच्या जातीत पेन्शन.
परवा जीभ सुटली ती अलीकडेच पडली,
बुटाची ओली नाडी लोंबावी तशी,
आणि ती परत आत घ्यायला
किती वेळ लागला त्याला.
रातकिडा तिथेच. मिशा साफ करत.
कोम्पोट काळवंडला.
रंग बदलणाऱ्याला आपण बोल लावतो.
लाज वाटल्यावर त्यानं दुसरं करायचं काय?

आता मी चिमट्यानं भरवतो.
चौदा मजल्यांचे दोर ताणणारे हात,
त्यांना इथे कापरं भरतं.
घट्ट धरलं तर किडा चिरडतो,
आणि सैल धरलं होतं तेव्हा
एक निसटला, फ्रिजमागे गेला.

तिथल्या उबेत त्याला पंख फुटले असणार.
रात्री दोनला गायला लागला.
खालच्या हालिनाबाईंनी जिन्यात गाठलं.
मी माफी मागायला तोंड उघडलं,
तर म्हणाल्या, बऱ्याच वर्षांनी गाढ झोपले.

मी त्याला पकडलेलं नाही.
रोज एक चकती फूटपट्टीनं आत सारतो.
सकाळी तिची कड कुरतडलेली असते.
यादीत बसत नाही हे, मला कळतं.
डबा मोजायचा तर एकोणचाळीस.

काल अकरा सेकंद त्याचा आवाज भरून
यागोदाला पाठवला.
बराच वेळ ती काहीतरी लिहीत होती,
थांबत होती, पुन्हा लिहीत होती.
मग आलं एवढंच:
नाव ठेवलंस?

नाही, मी लिहिलं.
खोटं.